यूएसबीतून गिटार : आवाज हळू का येतो?

आपल्या होस्टेलवर गिटार वाजवणारे किती आहेत हे रात्री दहानंतर कॉरिडॉरमधून एक फेरी मारली की कळतं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्येही तीच गोष्ट. भिंती पातळ, शेजारचे काका जागे, त्यामुळे ॲम्प्लिफायर मोठा करायची सोय नाही. मग गिटार यूएसबीने लॅपटॉपला जोडायची, हेडफोन लावायचा आणि रेकॉर्ड करायचं. आणि इथेच घोडं पेंड खातं. कितीही जोरात वाजवा, स्क्रीनवर वेव्हफॉर्मच्या जागी एक बारीक सुतळी दिसते.

यावर दोन उपाय सर्रास केले जातात. एक म्हणजे रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलाइझचं बटण दाबून आवाज फुगवायचा. दुसरा म्हणजे घरी फोन करून नवीन इंटरफेससाठी पैसे मागायचे. दुसऱ्याने आई-बाबांचा खिसा रिकामा होतो आणि पहिल्याने गाणं खराब होतं. गॅदरिंगच्या ऑडिशनला पाठवलेल्या क्लिपमध्ये गिटारमागे जी सूं-सूं ऐकू येते, ती बऱ्याचदा याच पहिल्या उपायाची कृपा असते.

हिशोब साधा आहे. समजा तुमच्या गिटारचा सर्वांत मोठा ठोका वजा ४० डेसिबलला पोचतोय आणि खोलीतल्या विजेची घरघर, इंटरफेसची सळसळ वगैरे मिळून वजा ७० ला आहे. मध्ये अंतर ३० डेसिबल. नॉर्मलाइझ केल्यावर गिटार ४० डेसिबल वर चढते, पण तिचं बोट धरून घरघरही ४० डेसिबल वर चढते आणि वजा ३० ला जाऊन बसते. अंतर तेवढंच राहतं, फक्त आता ते सगळ्यांना ऐकू येतं. त्यातून १६ बिटवर रेकॉर्ड केलं असेल तर आणखी एक भुर्दंड. दर बिटमागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे वजा ४० ला राहिलात की साडेसहा बिट न वापरताच वाया गेले. तेव्हा आवाज वाढवायचा तो कॉम्प्युटरमध्ये शिरण्याआधी. नंतर जे करतो ती मलमपट्टी.

आता तो आधी कुठे हरवतो ते बघू. माझ्या मते दहातल्या सहा-सात केसेसमध्ये उत्तर एकच असतं : गिटार चुकीच्या तोंडात खुपसलेली असते.

पहिल्या सेमिस्टरच्या बी.ई.ई.मध्ये आपण मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम घोकतो. सोर्सचा आणि लोडचा रेझिस्टन्स सारखा असला की जास्तीत जास्त पॉवर मिळते. त्यामुळे डोक्यात पक्कं बसतं की मॅचिंग म्हणजे चांगलं. गिटारच्या बाबतीत हे विसरा. आपल्याला इथे पॉवर नको, व्होल्टेज हवं आहे, आणि मॅच केलं की व्होल्टेज बरोब्बर अर्धं होतं, म्हणजे ६ डेसिबल गेले. इथे लागतो त्याच पुस्तकातला व्होल्टेज डिव्हायडर. लोडचा इम्पिडन्स सोर्सपेक्षा जितका मोठा, तितकं व्होल्टेज आपल्या पदरात जास्त. (मराठी पुस्तकांत इम्पिडन्सला संरोध म्हणतात. शब्द छान आहे, पण होस्टेलवर तो वापरला तर शेजारचा कीर्तनाला चाललोय का विचारेल.)

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. समजा त्याचा रेझिस्टन्स ७ किलोओहम आणि इंडक्टन्स ३ हेन्री आहे. हे अगदी नेहमीचे आकडे आहेत. आता तो १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडा. खालच्या स्वरांना १० भागिले १७, म्हणजे साधारण ०.५९ व्होल्टेज मिळेल, साडेचार डेसिबलचा तोटा. पण ३ किलोहर्ट्झला त्या ३ हेन्रीचा रिॲक्टन्स होतो साडेछप्पन्न किलोओहम, आणि हातात येतो जेमतेम एक षष्ठांश! पंधरा डेसिबल गुल. म्हणून अशा रेकॉर्डिंगमध्ये आवाज नुसता हळू नसतो, तो घोंगडी पांघरल्यासारखा दबकाही असतो. हळू आणि दबका ही जोडी ऐकू आली की इनपुटवर संशय घ्या. हाच पिकअप १ मेगाओहमच्या इनपुटला जोडला तर या कारणाने होणारा तोटा जवळजवळ शून्य. इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं असतं ते याचसाठी. कुठे ते बटण असतं, कुठे सॉफ्टवेअरमधलं स्विच, तर काही स्वस्त मॉडेल्सवर दोन तोंडांपैकी एकच गिटारचं असतं आणि दुसरं माइकचं. प्लग दोन्हींत बसतो, म्हणून फसायला होतं. शेजारी 'पॅड' नावाचं बटण असेल तर तेही दाबलेलं नाही ना बघा. ते मुद्दाम १० किंवा २० डेसिबल कापण्यासाठीच असतं.

हा प्रश्न यूएसबीच्या कितीतरी आधीचा आहे. प्रसिद्ध गिटारवादक लेस पॉल यांना गिटार सरळ स्टुडिओच्या कन्सोलला जोडायची आवड होती. त्यांच्या आग्रहामुळे गिब्सन कंपनीने १९६९ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये मुद्दाम लो-इम्पिडन्स पिकअपची मॉडेल्स काढली. १९७१ च्या मॉडेलचं नावच 'लेस पॉल रेकॉर्डिंग'. म्हणजे त्यांनी इनपुट बदलण्याऐवजी गिटारच बदलली! फार खपली मात्र नाहीत. आपल्याला एक बटण दाबून भागतंय तर दाबावं.

तोंड बरोबर असेल तर पुढचा संशयित गेनचा नॉब. इंटरफेसवर दोन-तीन नॉब असतात आणि सगळ्यांत मोठा बहुधा 'आउटपुट' किंवा 'मॉनिटर'. तो फिरवला की हेडफोनमध्ये आवाज वाढतो, पण रेकॉर्डिंगवर ढिम्म परिणाम होत नाही. रेकॉर्डिंग ठरवतो तो इनपुटशेजारचा छोटा 'गेन'. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, गाण्यातला सर्वांत जोरकस भाग तितक्याच जोराने वाजवा आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर मोठे ठोके वजा १२ च्या आसपास येईपर्यंत गेन वाढवा. तिथे थांबा. २४ बिटवर वजा १२ म्हणजे भरपूर झालं, वरची जागा चुकून लागणाऱ्या दणक्यासाठी मोकळी ठेवायची. शून्याला टेकलात की क्लिपिंग, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरने धड दुरुस्त होत नाही.

इथे एक गंमत आहे. वजा १२ ला बरोबर रेकॉर्ड केलेली गिटारसुद्धा सिनेमातल्या गाण्याशेजारी लावली की हळूच वाटते, कारण ते गाणं मिक्सिंग-मास्टरिंगमध्ये दाबून मोठं केलेलं असतं. हा आजार नव्हे. कित्येकजण नेमका याच तुलनेमुळे चांगला इंटरफेस विकायला काढतात.

गेन पूर्ण उघडूनही सुतळीच दिसत असेल तर केबल काढा आणि लॅबमधलं मल्टिमीटर आणा. केबलचं एक टोक गिटारमध्ये, व्हॉल्यूम पूर्ण, आणि दुसऱ्या टोकाच्या टिप व स्लीव्हमध्ये रेझिस्टन्स मोजा. बॅटरी नसलेल्या इलेक्ट्रिक गिटारला साधारण ५ ते १५ किलोओहम यायला हवेत. ओपन दाखवलं तर वायर किंवा सोल्डर तुटलंय, शून्य दाखवलं तर कुठेतरी शॉर्ट आहे (किंवा व्हॉल्यूम शून्यावर राहिलाय). पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत जॅकवर गंज धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला तरी पुष्कळ फरक पडतो. दीडशे रुपयांच्या केबलचा दोष दहा हजारांच्या गिटारवर ढकलू नका.

बॅटरीवाल्या सेमी-अकूस्टिकची तऱ्हा वेगळी. नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज आधी बारीक होतो, मग फाटतो. नवी बॅटरी घालूनही जीव येत नसेल तर प्लग निरखून बघा. त्यावर दोन काळ्या रेषा असतील तर ती स्टिरिओ केबल आहे. या गिटारचा प्रीॲम्प सुरू होतो तो साध्या मोनो प्लगने जॅकमधले दोन संपर्क जोडल्यावर. स्टिरिओ प्लगने ते वेगळेच राहू शकतात आणि प्रीॲम्प झोपलेलाच राहतो. मोनो केबल लावा, काम होईल. मल्टि-इफेक्ट प्रोसेसर थेट यूएसबीने जोडणाऱ्यांनी त्याच्या मेन्यूत यूएसबीची लेव्हल वेगळी दिलीय का ते शोधावं. पुष्कळ मॉडेल्समध्ये ती मोठ्या मास्टर नॉबपासून स्वतंत्र असते.

कॉम्प्युटरच्या बाजूला करण्यासारखं थोडंच आहे. विंडोजमध्ये इनपुट डिव्हाइस म्हणून इंटरफेसच निवडलाय ना, की लॅपटॉपचा स्वतःचा माइक, हे आधी बघा. रेकॉर्डिंगवर नख वाजवा : गिटारच्या तारेपेक्षा लॅपटॉपच्या कव्हरवरची टिचकी मोठी ऐकू आली तर उत्तर मिळालं. इनपुटची लेव्हल १०० वर आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद ठेवा, नाहीतर नॉइज सप्रेशन तुमच्या लांबवलेल्या स्वराला पंख्याचा आवाज समजून गिळून टाकतं. कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर मिळत असेल तर तोच वापरा. ट्रॅक मोनो ठेवा. स्टिरिओ ट्रॅकवर गिटार फक्त डाव्या कानात येते आणि तो ट्रॅक नंतर मोनो केला की आणखी ६ डेसिबल जाऊ शकतात.

राहिली ती घरघर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि सिंगल-कॉइल पिकअप ती हवेतूनच उचलतो. गिटार हातात धरून खुर्चीवरच हळूहळू वळा, एका दिशेला घरघर बरीच कमी होते, तिथे बसून रेकॉर्ड करा. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. पण तीन पिनांचा चार्जर असेल तर घरघर घालवायला त्याची अर्थिंगची पिन कापण्याचा उद्योग कोणीही करू नये. हातात लोखंडाच्या तारा असतात, आणि होस्टेलच्या वायरिंगचा भरवसा रेक्टरसुद्धा देत नाहीत.