औषधालयातील आज्ञा आणि शासन

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेच्या चार पादांमध्ये वैद्यास प्राधान्य दिले. वैद्य हा जाणणारा, शासन करणारा आणि योजना करणारा, अशी त्याची तीन कारणे दिली आहेत. पहिल्या व तिसऱ्या कारणाची चर्चा आपल्या संमेलनांत पुष्कळ होते. ‘शासिता’ या मधल्या शब्दाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. औषधालयातील नित्याच्या घोटाळ्यांचे मूळ बहुधा तेथेच असते, असे आमचे मत आहे.

त्याच अध्यायात कुंभाराचा दृष्टान्त आहे. माती, दंड, चक्र, सूत्र असूनही कुंभाराविना घट होत नाही. वैद्याचा मोठेपणा सांगण्यासाठी आपण तो आवडीने देतो. परंतु घट वाकडा झाल्यास मातीस दोष देता येत नाही, हेही त्यातच आले.

अर्थात परिचारक म्हणजे माती नव्हे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे गुण चरकांनी सांगितले. सुश्रुतांनी त्याने वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागावे, यावर भर दिला. ही दोन्ही मते एकत्रच वाचावयास हवीत. नुसता आज्ञाधारक मदतनीस चुकीची आज्ञाही निमूटपणे पाळतो. जाणता असेल तो थांबून विचारतो. अशा विचारण्यास उद्धटपणा समजणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याकडे पुढे कोणी विचारीत नाही, आणि ते त्यासच शिस्त म्हणतात!

‘काढा चांगला आटवा’ ही आज्ञा नव्हे. शार्ङ्गधरांनी सोळापट पाणी व अष्टमांश शेष असे स्पष्ट प्रमाण दिले आहे. तेव्हा ‘४० ग्रॅम भरड, ६४० मि.लि. पाणी, मंद आच, ८० मि.लि. उरेपर्यंत’ असे भिंतीवर लिहून ठेवावे. ‘एक चमचा’ म्हणताना कोणता चमचा, सपाट की शीग लावून, हे एकदा मोजून दाखवावे. अभयारिष्ट आणि अशोकारिष्ट ही नावे गर्दीत वा दूरध्वनीवर सहज एकमेकांत मिसळतात; म्हणून तोंडी सांगितलेले नाव मदतनिसाने मोठ्याने परत उच्चारावे.

त्रिभुवनकीर्तीसारख्या वत्सनाभयुक्त कल्पांविषयी तर अधिक दक्षता हवी. वत्सनाभ, कुचला, भल्लातक ही द्रव्ये औषधविषयक नियमांच्या ‘ई(१)’ परिशिष्टात आहेत आणि अशा पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना आवश्यक असते. आपण डबीतून गोळ्या काढून पुडी बांधली की ती सूचना डबीवरच राहते. मग ती रुग्णास कोण सांगणार, हे नेमून दिलेले असावे. ‘कोणीतरी सांगेल’ म्हटले की कोणीच सांगत नाही.

वडील व चिरंजीव एकाच औषधालयात बसत असतील, तर मदतनिसाची कुचंबणा होते. एक म्हणतो अनुपान मध, दुसरा म्हणतो कोमट पाणी. ज्याने रुग्ण तपासला त्याचीच आज्ञा अंतिम, असा नियम दोघांनी मिळून त्यास सांगावा. चूक दाखवावयाची ती रुग्ण गेल्यावर. रुग्णासमोर मदतनिसास टाकून बोलल्याने रुग्णाचा औषधावरील विश्वास जातो.

सारेच लेखी ठेवून भागत नाही. बिब्ब्याच्या शोधनास नवा मुलगा बसविताना हातांस खोबरेल तेल, वर हातमोजे, आणि तो हात डोळ्यांस वा तोंडास लावावयाचा नाही, हे त्यास कारणासह सांगावे. पहिले चार बिब्बे वैद्याने त्याच्यासमोर स्वतः हाताळावेत आणि पुढचे चार त्याच्याकडून आपल्या देखत करून घ्यावेत.