ग्राहकाचा नंबर ही अमानत आहे

नाशिकच्या दूध बाजारातील दुकानदार असो, वडाळा नाक्यावरील गॅरेजवाला असो की मालेगावचा यंत्रमागधारक, आज त्याचे निम्मे दुकान फोनमध्ये असते. मालाचे फोटो व्हॉट्सअॅपवर जातात, ऑर्डर तिथेच येते, उधारीची आठवणही तिथूनच दिली जाते. पूर्वी खातेवही गल्ल्याखाली कुलपात असे. ही नवी वही मात्र उघडीच पडलेली असते. तिच्यात फक्त आपला हिशोब नसतो. ग्राहकांचे नंबर, घरचे पत्ते, कारागिरांच्या आधारकार्डांचे फोटो असे सर्व काही असते. ही दुसऱ्यांची अमानत आहे. तिला धोका कोठून येतो आणि तो कसा टाळावा, ते या धड्यात आम्ही पाहणार आहोत.

एकाची चूक, हजारोंना ताप

केंब्रिज अॅनालिटिका या ब्रिटिश कंपनीचे प्रकरण २०१८ साली गाजले. स्वभावाची चाचणी घेणाऱ्या एका अॅपमधून फेसबुकवरील लोकांची माहिती या कंपनीकडे गेली होती. फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे भारतात हे अॅप फक्त ३३५ जणांनी घेतले होते. पण त्यांच्या मित्रयाद्यांमुळे सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती गेली असण्याची शक्यता होती. म्हणजे ज्यांनी काहीच केले नाही, तेही सापडले. एप्रिल २०२१ मध्ये जगभरातील ५३ कोटींहून अधिक फेसबुक खात्यांची माहिती, फोन नंबरांसह, इंटरनेटवर उघडी पडल्याचे आढळले. तेव्हा आपला नंबर आणि नाव ठगाला ठाऊक आहे, असे धरूनच चालावे. समोरचा आपले नाव अचूक सांगतो म्हणून तो बँकेचा माणूस ठरत नाही.

खाते हातचे कसे जाते?

व्हॉट्सअॅप नव्या फोनवर सुरू करताना सहा आकडी कोड एसएमएसने येतो. ठग आपला नंबर स्वतःच्या फोनवर टाकतो आणि ओळखीच्या नावाने निरोप पाठवतो, "भाई, चुकून माझा कोड तुमच्याकडे आला, जरा सांगा." कोड सांगितला की खाते त्याचे झाले. मग आपल्या नावाने व्यापारी गटांत मजकूर जातो, "दवाखान्यात आहे, वीस हजार पाठवा, संध्याकाळी देतो." आपल्या शब्दावर माल उधार देणारा माणूस या शब्दावरही पैसे पाठवतो. इथे पैसे त्याचे जातात आणि पत आपली जाते.

दुसरा मार्ग फाइलचा. लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचे चलान म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नसून अॅप असते. ते फोनमध्ये बसले आणि त्याला एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली, की बँकेचे ओटीपी परस्पर ठगाकडे जाऊ लागतात.

तिसरा मार्ग खोट्या गिऱ्हाईकाचा. मोठी ऑर्डर देतो, "आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणतो. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.

मालेगावचा धडा

नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावच्या छावणी पोलीस ठाण्यात एक गुन्हा नोंदला गेला. नोकरीचे आमिष दाखवून तरुणांची आधार व पॅन कार्डे घेण्यात आली, त्यांवर बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरवले गेले, असा आरोप होता. पुढे ईडीनेही महाराष्ट्र व गुजरातमध्ये छापे घातले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. ते कागद तरुणांनी हातोहात दिले होते. तेच कागद आज आपण कोणत्याही एजंटला व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि विसरून जातो. खाते आपल्या नावाचे असेल, तर चौकशीची पहिली नोटीस आपल्याच दारी येते.

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे आणि ६६ ड प्रमाणे संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे, या दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. पण भरपाईचे गणित निराळे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की, ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेपोटी गप्प बसणे महागात पडते.

आजच करावयाची कामे

१. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून स्वतःचा पिन ठेवावा. मग नुसता कोड मिळवून ठगाचे काम होत नाही.

२. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहावे. अनोळखी संगणक जोडलेला दिसला, तर लगेच काढावा. नोकरी सोडून गेलेल्या मुनीमाचा संगणकही काढावा.

३. आधार पाठवणे भागच असेल, तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे 'मास्क्ड आधार' पाठवावे. काम झाले की फोनमधील इतरांच्या कागदांचे फोटो पुसावेत.

४. कोणी पैसे मागितले, तर आधी फोन करून आवाज ऐकावा.

५. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावाने किती सिमकार्डे चालू आहेत ते तपासावे.

६. फसवणूक झाली, तर त्याच क्षणी १९३० वर फोन करावा, बँकेला कळवावे आणि सायबर पोलिसांत तक्रार द्यावी. रक्कम पुढे सरकण्याआधी कळवले, तरच ती अडवता येते.

७. खाते चोरीस गेले, तर आपल्याच नंबरवर पुन्हा कोड मागवून व्हॉट्सअॅप सुरू करावे. ठग बाहेर फेकला जातो. त्याने पिन लावला असेल, तर खाते परत मिळण्यास सात दिवस थांबावे लागते. तोवर सर्व ग्राहकांना दुसऱ्या फोनवरून सावध करावे.

दुकानातील फोन अनेकदा मुलगा किंवा कारागीर हाताळतो. वाचकांनी हा मजकूर त्यांनाही वाचून दाखवावा, ही विनंती.