मोटारसायकलच्या धूरनळीचे गंजापासून संरक्षण

आपल्या राज्याच्या ग्रामीण भागात मोटारसायकल हे आता कामाचे साधन झाले आहे. ग्रामसेवक, पशुवैद्यक, आरोग्यसेविका, दूरच्या वस्तीवरील शाळेचे शिक्षक यांचा दिवस तिच्यावरच अवलंबून असतो. या वाहनाच्या देखभालीत तेल, टायर, ब्रेक यांच्याकडे लक्ष दिले जाते. परंतु इंजिनातून निघून सायलेन्सरला मिळणारी वाकडी नळी मात्र ती फुटेपर्यंत दुर्लक्षित राहते. गॅरेजमध्ये तिला ‘बेंड पाइप’ म्हणतात. विशेषतः समुद्रकिनाऱ्यालगत ही नळी सर्वांत आधी गंजते. ती का गंजते आणि तिला कसे जपावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गंज कसा चढतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिन्ही एकत्र आले की गंज तयार होतो. यांपैकी एक जरी दूर ठेवला तरी गंजण्याची क्रिया थांबते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. तीन परीक्षानळ्यांत स्वच्छ खिळे ठेवावेत. पहिलीत साधे पाणी घालावे. दुसरीत उकळून घेतलेले पाणी घालून वर तेलाचा थर द्यावा. तिसरीत पाणी न घालता ओलावा शोषणारे कॅल्शिअम क्लोराइड ठेवून बूच लावावे. काही दिवसांनी पहिल्या नळीतील खिळेच गंजलेले दिसतील.

कोकणात यात मिठाची भर पडते. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि ते विरघळलेले पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे गंजण्याची क्रिया वेगाने चालते. शिवाय गंजाचा थर सच्छिद्र असतो. तो लोखंडाचे रक्षण करीत नाही, उलट ओल धरून ठेवतो. दिल्लीतील मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे टिकून आहे, याचे एक कारण असे की त्यातील लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने पृष्ठभागावर घट्ट संरक्षक थर जमला. आपल्या वाहनाच्या साध्या पोलादाला असा थर लाभत नाही. तो आपणच द्यावा लागतो.

धूरनळीला आतूनही धोका असतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. नळी पूर्ण तापली असेल तर ही वाफ बाहेर पडते. परंतु घर ते कार्यालय असा दोन-तीन मिनिटांचाच प्रवास असेल तर ती आतच थिजते आणि पोलाद आतून पोखरले जाते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी वाहन वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवावे. सायलेन्सरच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र असल्यास ते बुजवू नये.

साधा रंग का टिकत नाही?

चालत्या वाहनाच्या या नळीचा पृष्ठभाग इंजिनाजवळ ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत, चढावर त्याहूनही अधिक तापू शकतो. साधा ऑइलपेंट किंवा रेड ऑक्साइडचा प्राथमिक थर एवढ्या उष्णतेत जळतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्या आड पाणी साचते. पावसाळ्यापूर्वी जळके ऑइल फासण्याची पद्धतही योग्य नव्हे. ते गरम नळीवर धुमसते, धूळ धरते आणि पेट घेण्याचाही धोका असतो. जस्ताचा मुलामाही येथे उपयोगी नाही, कारण जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते.

या जागी सिलिकोन रेझिनचा उष्णतारोधक रंग वापरावा. ॲल्युमिनियमची भुकटी घातलेले असे रंग सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकतात. डब्यावर उष्णतेची मर्यादा छापलेली असते, ती पाहूनच खरेदी करावी.

रंगकामाची पद्धत

१) इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे. गंजलेले नट सैल करण्यासाठी भेदक तेल सोडून काही तास थांबावे. जोर केल्यास इंजिनातील स्टड तुटण्याचा संभव असतो.

२) नळी काढून तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावी. डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके असावे. घासताना पत्रा दबू लागला किंवा छिद्र दिसले तर रंग देण्यात अर्थ नाही, नळी बदलावी.

३) थिनरने भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने तेल पुसून काढावे. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण घामातही मीठ असते.

४) उन्हाळ्याच्या कोरड्या दिवशी, त्याच दिवशी रंग द्यावा. दोन पातळ हात पुरेत. जाड थर तापल्यावर फुगतो.

५) रंग वाळल्यानंतर तो तापवून पक्का करावा लागतो, सामान्यतः २०० अंशांच्या आसपास, डब्यावरील सूचनेप्रमाणे. नळी नवीन गॅस्केटसह बसवून, मोकळ्या जागेत इंजिन प्रथम दहा मिनिटे, थंड झाल्यावर वीस मिनिटे आणि पुन्हा तीस मिनिटे चालवावे. या वेळी धूर व वास येतो. बंद खोलीत इंजिन चालविणे जिवावर बेतू शकते.

ज्यांची नळी स्टेनलेस स्टीलची आहे त्यांनी रंग देऊ नये. तापल्याने येणारी निळी-सोनेरी झाक म्हणजे गंज नव्हे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या वाहनांत नळीवर प्राणवायू मोजणारा संवेदक असतो. त्यावर रंग लागू देऊ नये.

नित्याची काळजी

समुद्रकाठच्या रस्त्यावरून आल्यावर, नळी थंड झाल्यानंतर, गोड्या पाण्याने मीठ व चिखल धुवावा आणि इंजिन थोडा वेळ चालवून ओल सुकवावी. ओले गोणपाट नळीवर टाकून ठेवू नये.

फुटलेल्या नळीमुळे केवळ कर्कश आवाजच होत नाही, तर कार्बन मोनॉक्साइडयुक्त धूर चालकाच्या जवळच बाहेर पडतो आणि प्रदूषण तपासणीतही वाहन अडते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे ऐन पावसाळ्यात वाहन अडून पडते आणि लसीकरणाची किंवा पंचनाम्याची फेरी चुकते. ज्या कार्यालयांकडे व पंचायतींकडे मोटारसायकली आहेत, त्यांनी दरवर्षी वैशाखात नळीची तपासणी करून तशी नोंद वाहनाच्या नोंदवहीत करावी. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना हे काम प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. एका दिवसाच्या या श्रमाने वाहन पावसाळाभर सेवेत राहील, आणि त्याची वाट पाहणाऱ्या वाडीवस्तीवरील माणसाचे कामही अडणार नाही.