प्रसूतीनंतरची अव्यक्त वेदना

दीड महिन्याच्या लसीसाठी येणारी माता बाळाविषयी पुष्कळ विचारते. समागमातील वेदनेविषयी मात्र मौन बाळगते. तेव्हा आपणच हळुवारपणे विचारावे, शक्यतो सासूबाई बाहेर बसल्या असताना. स्तन्यकाळात प्रोलॅक्टिन वाढलेले असते, इस्ट्रोजेन घटते व योनिमार्ग कोरडा पडतो. त्यात टाक्यांचा व्रण, आणि वेदनेच्या धास्तीने आखडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू! अशा वेळी सरसकट ‘केगेल व्यायाम करा’ हा सल्ला प्रसंगी उलटाच ठरतो. आखडलेल्या स्नायूंना प्रथम सैल होण्यास शिकवावे लागते. दीर्घ उदरश्वसन व प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट यांचे साहाय्य घ्यावे. कोरडेपणास पाण्यात विरघळणारी जेली बहुधा पुरते. न पुरल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम देऊ शकतात. यापायी स्तनपान तोडण्याचे कारण नाही.