लोकनावावरून कायद्याचा शोध

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात 'सीलिंगची जमीन' हा शब्द वारंवार कानी पडतो. परंतु त्यामागे दोन भिन्न कायदे आहेत. एक महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१. दुसरा नागरी जमीन (कमाल मर्यादा व विनियमन) अधिनियम, १९७६. पहिला अद्याप अंमलात आहे. दुसरा महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ पासून निरसित झाला. 'सीलिंग उठले' एवढेच ऐकून शेतजमिनीवरील बंधनही संपले, असा समज एखाद्या खातेदाराने करून घेतल्यास तो त्यास महागात पडेल.

'कूळ कायद्या'ची गोष्ट निराळी. १९४८ च्या या अधिनियमाच्या नावातील 'मुंबई' जाऊन २०१२ मध्ये 'महाराष्ट्र' आले. जुने फेरफार वाचणाऱ्यास दोन्ही नावे ठाऊक हवीत.

केंद्र शासनाच्या 'इंडिया कोड' या संगणकीय संग्रहात अधिनियम त्याच्या अधिकृत नावावरून, क्रमांकावरून वा वर्षावरून शोधता येतो. लोकांच्या तोंडचे नाव मात्र शोधप्रणालीस निराळे शिकवावे लागते, कारण साधा शोध अक्षरे जुळवितो, आशय नव्हे. यास्तव प्रणालीला लोकनावांची सूची जोडणे इष्ट. तीत 'कुळ' व 'कूळ' ही दोन्ही लेखने असावीत, एका नावाखाली संभवणारे सर्व अधिनियम दिसावेत आणि निरसित अधिनियमापुढे निरसनाचा दिनांक असावा.