सोळा खोल्या, सहा परवाने?

प्रश्न : अक्कलकोटला वटवृक्ष मंदिराजवळ आमचा सोळा खोल्यांचा लॉज आहे. काउंटरवर पाळीपाळीने चौघे असतात. हिशेब मी आणि मुलगा पाहतो. एक विक्रेते सहा जणांसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५चा वर्षाचा प्लॅन घ्या म्हणतात. जीएसटी परत मिळतो, असेही सांगतात. घ्यावा का?

उत्तर : आधी जीएसटीचे बोलतो, कारण तिथे तुम्हाला चुकीचे सांगितले आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवर ५ टक्के कर आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. तुमचे भाडे त्याच्या आतलेच असणार. म्हणजे सॉफ्टवेअरवरचे १८ टक्के तुमच्याच खिशातून जातील. हजाराचे बिल ११८० ला पडेल. आयकरात मात्र ही पूर्ण रक्कम धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, तेव्हा बिल लॉजच्या नावानेच घ्या.

आता सहा जणांचे. परवाना माणसागणिक असतो आणि चौघांनी एकच खाते वापरणे नियमात बसत नाही. पण काउंटरवर लागते काय? नाव, खोली, आगाऊ रक्कम, कधी येणार, कधी जाणार. एवढ्यासाठी गुगल वर्कस्पेसचा सर्वांत लहान प्लॅन फक्त तुम्ही दोघांनी घ्या आणि बुकिंगची शीट चौघांच्या मोफत जीमेल खात्यांना उघडून द्या. कोणी काम सोडले की त्याच दिवशी त्याचे नाव काढा. पत्रे, दरपत्रक यांसाठी लिबरऑफिस फुकट आहे आणि धंद्यात वापरायला मुभा आहे. मायक्रोसॉफ्टचा घरगुती फॅमिली प्लॅन स्वस्त दिसतो, पण तो व्यवसायासाठी नाही. चोरीची प्रत तर कोणी टाकून दिली तरी घेऊ नका. जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी खाली किमान सात दिवस कैद आणि ५० हजार दंड होऊ शकतो.

खात्याचा ॲडमिन तुम्ही स्वतः व्हा, मोबाइल नंबरही तुमचाच द्या. विक्रेत्याच्या नावाने खाते काढले, तर उद्या त्यांच्याशी बिनसल्यावर तुमचेच बुकिंग तुम्हाला दिसणार नाही. कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याआधी किमान २४ तास सूचना येते. १५ हजारांपर्यंतच्या रकमेला पुन्हा ओटीपी मागत नाहीत, म्हणून ती सूचना वाचत जा.

सुरुवात महिन्याच्या प्लॅनने करा. थोडा महाग पडला तरी सोडता येतो. चैत्रात स्वामी जयंती आणि पुण्यतिथीच्या गर्दीत नेट रेंगाळले, तर भक्त बॅगा घेऊन काउंटरपुढे उभे राहतील. त्यासाठी आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाची शीट छापून काउंटरच्या काचेखाली ठेवा.