वेळासची कासवे आणि आपण

आम्हा खानदेशवासीयांना समुद्र तसा परकाच. परंतु आमच्या नशिराबादजवळून वाहणारी वाघूर तापीला मिळते आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. म्हणून किनाऱ्याचे रक्षण हा आपल्याही अभ्यासाचा विषय आहे, असे मला वाटते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तेथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरएक अंडी घालतात आणि समुद्रात परततात. मागे अंड्यांना वाली नसतो. काही कोल्हीकुत्री उकरत. बरीचशी माणसेच नेऊन खात वा विकत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला होता; पण रात्री वाळूवर पहारा कोण देणार?

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे काम आरंभले. गावातील तरुणच राखणदार झाले. पहाटे कासवाचा माग काढायचा, अंडी कुंपणाच्या आत तितक्याच खोल पुरायची आणि दीड-दोन महिन्यांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडे सोडायची, अशी ही पद्धत. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले आणि राखणीतून चार पैसे घरात आले.

कांदळवनांचेही तसेच. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीस मनाई केली, २०१२ साली शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापला. परंतु वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या, तेव्हा ते वन त्यांचे झाले.

मग पाहुणे थांबले तर राखणही थांबेल काय? या शंकेचे उत्तर आपल्याच भागात आहे. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने पर्यटकांच्या आशेने जंगल राखले नाही. ओढ्याविहिरींना पाणी आणि घराला रानभाजी हवी, म्हणून गावाने कुऱ्हाडबंदी केली. त्या कामाचे प्रमुख चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

दोन्हीकडे राखणाऱ्यालाच फळ मिळाले, हे त्यातले सूत्र होय. वाघूरच्या काठी असा राखणदार कोण होऊ शकेल, याची पाहणी आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराने अवश्य करावी.